साबणावरचा आळ

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका साबणावर अन्याय करणारा माणूस अख्ख्या ठाकुर्लीत सापडला नसता. उभी हयात रसायनांच्या कारखान्यात काढून ॲसिडाचा थेंबही अंगावर उडू दिला नाही, याचा त्यांना कोण अभिमान. पण निवृत्तीनंतर दर मार्चमध्ये त्यांच्या बोटांची सालं निघत, भेगा पडत, आणि जिन्यात भेटेल त्याला हात दाखवत ते म्हणत, "हल्लीचे साबण, दुसरं काय?" मग उजव्या हाताला एक साबण, डाव्याला दुसरा, असे प्रयोग सुरू होत. एकदा तर आईने दिलेल्या लिंबाच्या लोणच्यावरही संशय गेला. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

मार्चमध्ये काका गच्चीवर काय करतात, हे मात्र सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. काकूंनी माहेराहून आणलेले मे फ्लॉवरचे कांदे उकरायचे, पिल्लं सुटी करायची, पुन्हा लावायची. काकू गेल्यावर या कुंड्यांना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मे महिन्यात तिथे लालभडक गोंडे फुलत, आणि काका त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसत.

शेवटी मीच त्यांना डोंबिवलीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पाठीवर ॲलर्जी तपासायच्या पट्ट्या चिकटवून काका दोन दिवस बिनआंघोळीचे वावरले. साबण निर्दोष सुटला. मी सोबत नेलेल्या मे फ्लॉवरच्या कांद्याच्या पट्टीखाली मात्र कातडी लालबुंद.

"कांद्याच्या चिकात त्याचं स्वतःचं रसायन असतं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना नाही, काहींनाच त्याची ॲलर्जी होते. चांगले हातमोजे घाला, नाहीतर कांदे सोडा."

"आमच्या हिला कधी काही झालं नाही," काका हळूच म्हणाले.

रिक्षात ते आपली बोटं न्याहाळत बसले. मग म्हणाले, "मोजे घालून नाही जमायचं रे मला. तिने कधी घातले नाहीत." दुसऱ्या दिवशी सगळ्या कुंड्या माझ्या दारात. मोजून पाहायचं मला सुचलं नाही. महिन्याभरात काका कोलशेतला मुलीकडे राहायला गेले आणि जिना एकदम सुना वाटायला लागला.

यंदा मार्चमध्ये त्यांना भेटायला गेलो. मुलगी आत चहा टाकत होती. काकांची बोटं पुन्हा भेगाळलेली. बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे एक कुंडी दिसली, माती ताजी उकरलेली.

"काका, हात?"

"कोलशेतचे साबण फार वाईट आहेत रे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"सगळीकडे तेच आहे, काका," मी म्हणालो, आणि चहा यायच्या आत कुंडी आणखी थोडी मागे सरकवली.