तुळशीची माळ आणि दोन बाटल्या

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पांढऱ्या वाइनचा सर्वांत मोठा पारखी मला मुळशीत भेटला आणि त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती!

दारूबंदीचे दिवस. मी धरणावर कारकून. साहेबांच्या बंगल्यावर परमिटवाला परदेशी इंजिनियर जेवायला आला, तो दोन बाटल्या घेऊन: आंबटसर शाब्ली आणि गोडसर रिस्लिंग.

"माशाला आंबटच," साहेबांनी फर्मावलं.

बंगल्यावरच्या माळकरी स्वयंपाक्यानं पंच्याला हात पुसले, डोळे मिटून दोन्ही बुचं हुंगली. "न्हाई साहेब. कालवण लई तिखट हाय. त्याला गोडच पायजे."

"फसलं तर नोकरी संपली, उद्याची पौडची एसटी धरायची!"

त्यानं गोड बाटलीच ओतली. पंचा मात्र मुठीत पिळला जात होता. पाहुण्यानं घास घेतला, घोट घेतला आणि वाटी पुन्हा पुढे केली.

त्या स्वयंपाक्याचं नाव मी विचारलं नाही, ही रुखरुख अजून आहे.

साहेब थक्क. "अरे, तू मासा खात नाहीस, ही पीत नाहीस. मग कळतं कसं?"

तो बोलून गेला, "सोयरीक जुळवणाऱ्यानं काय दर येळी सवता बोहल्यावर चढायचं व्हय?"