धाकटीच्या कोटाचा मुंढा

टेलरबाईचा राग तोंडावाटे कमी आणि शिलाई मशीनच्या पायडलवर जास्त निघायचा. त्या आठवड्यात मशीन असं खडखडत होतं की खालच्या मजल्यावरचा न्हावी वर येऊन म्हणाला, "बाई, कपडे शिवताय की इमारत पाडताय?"

राग होता धाकट्या जावेवर. शाळेच्या भिंतीलगत गावाचा कचरा पडायला लागला तेव्हा पहिली उठली ती टेलरबाई. उरल्यासुरल्या अस्तराचे फलक तिने शिवले, दारोदार फिरून बायका तिने गोळा केल्या आणि नगरपालिकेच्या कचेरीच्या फाटकासमोर ठाण मांडलं. नियमही तिचाच. इथे पुढारी कुणी नाही, रोज नवी बाई बोलणार, सगळ्यांचा नंबर लागणार.

तिचा स्वतःचा नंबर आला त्या दिवशी घोषणा देऊन देऊन तिचा घसा पार बसला होता. "माझ्याऐवजी तू बोल गं," तिने धाकटीला कसंबसं सांगितलं. निवडणूक जवळ आलेली, आणि नेमकी तेव्हाच एका पक्षाच्या अध्यक्षांची गाडी फाटकाशी थांबली. धाकटी मूठ उगारून बोलली, तीही टेलरबाईचीच वाक्यं. अध्यक्षांनी काच खाली करून ऐकलं आणि चार दिवसांत धाकटी पक्षाची उमेदवार झाली!

टेलरबाई मशीन दामटत पुटपुटत राहिली. भाषण माझं, नंबर माझा, आणि भिंतीभिंतीवर फोटो हिचा? नवरा म्हणाला, "अगं, घरातलीच आहे ना!" तर घरातली आहे म्हणूनच जास्त जळत होतं. परकी असती तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

त्यात धाकटी पक्षाने दिलेलं कापड घेऊन हजर. "जाऊबाई, प्रचाराच्या सभेसाठी कोट हवाय. तुमच्या हातचाच."

माप घेताना धाकटीने सवयीने हात वर केला, मूठ वळलेली. ती मूठ बघून टेलरबाईचं डोकं फिरलं. बाही खांद्याला जिथे जोडतात तो मुंढा तिने मुद्दाम आखूड कापला. कोट दिसायला झकास, पण हात खांद्याच्या वर जाणार नाही. घे म्हणावं, उगार आता मूठ!

सभेला टेलरबाई अगदी पुढे बसली होती. टाळ्या पडल्या, धाकटीने सवयीने हात उचलला आणि तो छातीशीच अडला. तिने पुन्हा जोर केला. मग गोंधळून नुसता पंजा हलवला. लोक हसतील म्हणून टेलरबाई वाट बघत होती, पण कुणी हसलं नाही. "कचरा हटवा" म्हणायच्या जागी धाकटी म्हणाली, "सगळ्यांशी बोलून मार्ग काढू." लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

सभा संपल्यावर अध्यक्ष स्वतः टेलरबाईला शोधत आले. "कोट तुम्ही शिवलात? वा! तिची ती मूठ उगारायची सवय आम्ही किती सांगूनही जात नव्हती. आमच्या बाकीच्या महिला उमेदवारांचे कोटही असेच शिवून द्या."

जळत होती टेलरबाई धाकटीवर, आणि शेकून घेतलं यांनी. ती तडक मंचामागे गेली. धाकटी एकटीच उभी होती, खांदा चोळत.

"काढ तो कोट," टेलरबाई म्हणाली. "मुंढा मी मुद्दाम घट्ट केलाय. जळले गं तुझ्यावर. दे, उसवून देते, आत्ता."

धाकटी रागावली नाही. कोटाचं वरचं बटण मात्र तिने नीट लावून घेतलं.

"राहू द्या, जाऊबाई," ती म्हणाली. "सुरुवातीला काचलं. आता बसलाय अंगाला."