पेन्सिलीनं भरलेला फॉर्म

वसुधाताई गेल्याचं मला आमच्या टोकियोतल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. सकाळी ओजिमा स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. आधी बातमी, मग हात जोडल्याच्या खुणांची रांग, आणि त्या रांगेच्या मधोमध भारतात परत निघालेल्या कुणाची तरी जाहिरात : राइस कुकर, एकच वर्ष वापरलेला. मीही हात जोडले आणि गाडीत चढलो. शेवटचे दोन महिने ताई माझ्याशी धड बोलत नव्हत्या आणि त्याला कारण मी होतो, हे त्या ग्रुपमधल्या फार थोड्यांना ठाऊक होतं...

ताई रसायनशास्त्राच्या. पुण्याहून संशोधनासाठी टोकियोत आल्या आणि इथल्याच एका संस्थेतून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. ओजिमाच्या सरकारी वसाहतीत पाचव्या मजल्यावर दोन खोल्या, त्यांच्या खाली चौथ्यावर आम्ही. मुंबईच्या बँकेनं मला इथे पाठवलं त्या पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या वारी चुकीचा कचरा ठेवला, तेव्हा माझीच पिशवी हातात घेऊन त्या दारात उभ्या होत्या. "अरे नरेंद्र, प्लास्टिक गुरुवारी. इथे एक वेळ देव माफ करेल, शेजारी नाही करायचे." ही आमची ओळख. पुढे वॉर्ड ऑफिसचे, शाळेचे, विम्याचे सगळे फॉर्म मी त्यांच्याच टेबलावर भरले. त्यांची एक पद्धत होती. फॉर्म आधी पेन्सिलीनं भरायचा, दोनदा वाचायचा, मग अक्षरांवरून पेन फिरवायचं आणि पेन्सिल खोडून टाकायची. घाईनं एकदम पेन उचललं की त्या माझ्या हातावर फटका मारत.

त्याच टेबलावर दर शनिवारी प्राजक्ता गणित शिकायला यायची. राहायची फुनाबोरीला. वडील सिंधुदुर्गातले, इथल्या एका भारतीय हॉटेलात आचारी. ती प्राथमिक शाळेत असताना हॉटेल बंद पडलं, मालकानं कागदपत्रं वेळेत केली नाहीत आणि अख्ख्या कुटुंबाचा व्हिसा गेला. देश सोडा असा हुकूम, पण कोठडीबाहेर राहायची तात्पुरती मुभा, असं त्यांचं जगणं. नोकरी करायची नाही, टोकियोबाहेर जायचं तर परवानगी काढायची. शाळेची सहल नदीपलीकडे चिबाला गेली तेव्हा हिची परवानगी वेळेत आली नाही. "दाइजोबु, काका," ती मला म्हणाली, म्हणजे काही बिघडलं नाही. जन्म टोकियोचा, स्वप्नंसुद्धा जपानीत पडणारी मुलगी. तिला परत पाठवायचं म्हणजे कुठे, हे त्या हुकमावर लिहिलेलं नव्हतं.

ती सरकारी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत पास झाली त्या दिवशी ताईंनी शिरा केला आणि आम्हाला वर बोलावलं. मग फीचा प्रश्न आला. गंमत बघा, परीक्षेला बसायला रेसिडेन्स कार्ड, म्हणजे व्हिसासोबत मिळणारं इथल्या रहिवासाचं ओळखपत्र, लागलं नाही, पास व्हायलाही लागलं नाही. फी माफीला मात्र लागतं. सरकारी शिष्यवृत्तीला लागतं. बाइतो, म्हणजे पार्टटाइम काम करून स्वतः भरते म्हणावं, तर त्याला आधी लागतं. हुशार असायला बंदी नाही, बाकी सगळ्याला आहे. ताईंचं पेन्शन त्यांच्याच औषधांना पुरत नव्हतं. तेव्हा त्या आपल्या माणसांकडे आल्या. आमच्या मंडळाचा विद्यार्थी निधी आहे आणि मी त्याचा सचिव.

त्या निधीचा फॉर्म मी केलेला. बँकेत ग्राहकाची ओळख पटवल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही, तीच सवय मी मंडळात घेऊन गेलो. कुणी मागितला नव्हता, कायद्यानं लागत नव्हता, तरी रेसिडेन्स कार्ड क्रमांकाचा रकाना मी घातला, आणि खाली एक ओळ : अपूर्ण अर्ज विचारात घेतला जाणार नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

"एवढा एक रकाना सोडून बाकी सगळं भरलंय," ताई म्हणाल्या.

"ताई, अहो, नियम आहे. उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे? पोरीला तू ओळखतोस. तिच्या बापाच्या हातचं जेवलायस."

"तसं नाही हो... पुढच्या वर्षी बघू ना आपण. कमिटीत विषय काढतो."

त्यांनी फॉर्मची घडी घातली. "सरकारला चेहरा दिसत नाही, एक वेळ समजू शकते. तुला तर दिसतोय ना रे?" एवढंच म्हणाल्या. मार्चअखेर फी भरायची मुदत संपली आणि प्राजक्ताची जागा गेली. मी स्वतःच्या खिशातून काही देऊ शकलो असतो. तेव्हा सुचलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं.

मे महिन्यात ताई झोपेतच गेल्या. पुण्याहून त्यांचे धाकटे भाऊ आले. त्यांना जपानी येत नाही म्हणून कार्ड परत करायला त्यांच्यासोबत मी गेलो. माणूस गेला की इथे त्याचं रेसिडेन्स कार्ड सरकारजमा करावं लागतं. खिडकीतल्या बाईंनी वाकून नमस्कार केला आणि कार्डाला भोक पाडलं. मुदत बघितली मी. अजून पाच वर्षं शिल्लक होती. गेलेल्या बाईला पाच वर्षं राहायची परवानगी, आणि फुनाबोरीतली ती जिवंत पोरगी मात्र कुठेच नाही.

शोकसभा छान झाली. फोटो, हार, समोसे. निधीला वसुधाताईंचं नाव द्यायचं एकमतानं ठरलं. मी उभा राहून म्हणालो, तो कार्डाचा रकाना आता काढून टाकू. अध्यक्ष हसले. "नरेंद्रजी, भावना समजते. पण नियम तुमचाच ना? चांगला आहे. राहू द्या." पुढचा विषय निघाला. मीही खाली बसलो. प्राजक्ता मागच्या रांगेत होती. तिला मराठी वाचता येत नाही, पण ऐकलेलं सगळं कळतं.

परवा खोल्या रिकाम्या केल्या. ते टेबल कुणाला नको होतं म्हणून मी खाली आणलं. त्याच्या खणात आमच्या निधीचा कोरा फॉर्म सापडला. म्हणजे मला आधी कोरा वाटला. खिडकीपाशी नेला तेव्हा पेन्सिलीची फिकी अक्षरं दिसली. प्राजक्ताचं नाव, जन्मस्थळ टोकियो, मार्क, आणि वर्षाच्या जागी पुढचं वर्ष. मी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालो होतो ते त्यांना वाटेला लावायला. माझ्याशी बोलणं टाकलेल्या त्या बाईनं ते शब्द मात्र खरे मानले होते. कार्ड क्रमांकाच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती : इथे काय लिहायचं, नरेंद्रला विचारणे.