पहाऱ्यावरचं भूत

आमची काकू खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांचे डोळे काढते. बाकी सगळं यंत्रं करतात, डोळे तेवढे तिच्या कुंचल्यानं. अलीकडे मालक डोळे छापायचं यंत्रही आणायचं म्हणत होते, त्यामुळे तिनं धास्तीच घेतली होती. तेवढ्यात भिंतींवर चित्रं काढणाऱ्या एका चित्रकाराचं काम आलं. त्याच्या भिंतीवरच्या, पोट सुटलेल्या भुताच्या रबरी बाहुल्या, मोजक्याच आणि हातानं रंगवलेल्या. हे काम जमलं तर यंत्र नको, असं मालक म्हणाले.

काकूला मुळातच भारी चौकशा. ही खेळणी मोठी माणसं घेतात आणि खोक्यातून बाहेरसुद्धा काढत नाहीत, हे मी सांगितल्यावर तिचं एकच पालुपद सुरू झालं, मग खेळतं कोण? नमुन्यातल्या भुताचे डोळे एका बाजूला वळलेले होते. ही तिच्या मते चक्क चूक. जन्मभर तिरळ्या बाहुल्या सुधारलेल्या या बाईनं कुणाला न विचारता सगळी भुतं सरळ समोर बघायला लावली आणि वर शाबासकीची वाट बघत बसली.

चित्रकारानं येऊन एक भूत उचललं आणि नमुन्याशेजारी धरून बघितलं. मालकांचा चेहरा उतरला. काकूला मात्र राहवेना.

"पण ते बघतं तरी कुठे?"

"गल्लीच्या तोंडाकडे," चित्रकार म्हणाला. "मी भिंत रंगवत असताना कुणी हटकायला येतंय का, ते बघतं."

"मग आधी सांगायचं ना. पहाऱ्यावर आहे होय ते."

तिनं सगळे डोळे पुसून नव्यानं काढायला घेतले. हात सवयीनं सरळच जायचा, म्हणून ती आधी स्वतः दाराकडे डोळे वळवायची आणि मग कुंचला टेकवायची. मी तिला घ्यायला गेलो तर मला वाटलं, माझीच वाट बघतेय.

एक भूत मात्र तिच्यानं पुसवलं नाही. माल न्यायला आलेल्या चित्रकाराला ते दिसलंच. बिघडलंय, राहू दे, असं काकू ओशाळून म्हणाली. त्यानं ते खिशात घातलं.

"हे माझ्या घरी राहील, काकू. घरात कसला पहारा?"

यंत्राचं नाव मालकांनी पुन्हा काढलं नाही. पुढच्या कामाचा नमुना आला, तर त्याला डोळेच नव्हते. ते काकूंनी ठरवायचं, असा निरोप होता. तेव्हापासून ती ते बिनडोळ्यांचं ध्यान पिशवीत घेऊन हिंडतेय आणि भेटेल त्याला विचारतेय, हे कुणाकडे बघत असेल?