ऑर्व्हल टिबेट्सच्या गोळीची उडी

ऑर्व्हलने ही गोष्ट फक्त मला सांगितली होती, म्हणून चार दिवसांत सगळ्या गावाला कळली. यात माझा दोष नाही. मॉन्टानात गुरं जास्त आणि बातम्या कमी.

गोष्ट अशी की निशाण्यावर ऑर्व्हलच्या पाच गोळ्यांची पाच भोकं डाइमच्या एका नखाएवढ्या नाण्याखाली झाकली जायची. त्या उन्हाळ्यात ती बशीएवढी पसरली. ऑर्व्हलच्या बापाचा हात म्हातारपणी इतका कापायचा, की त्याला सूपसुद्धा बायको भरवायची. कॅफेत ऑर्व्हल कप दोन हातांनी धरायला लागला, तेव्हाच मी त्याची भीती ओळखली.

"शनिवारी पण पसरली, तर रायफल जावयाला देऊन टाकणार," तो म्हणाला.

"त्या जावयाला? त्याला कोठाराच्या दारावरसुद्धा नेम लागत नाही, लेका!"

तो हसला नाही.

आता ऑर्व्हलचा हट्ट ऐका. काडतुसं तो घरीच भरतो. गोळी पुढे सरकवून नळीच्या आत कोरलेल्या आट्यांना जेमतेम टेकवायची, मध्ये कागदही जाऊ नये, हा त्याचा धर्म. अकरा वर्षांपूर्वी त्याने काडतुसं भरायच्या प्रेसवरची डाय, म्हणजे गोळी किती आत बसेल ते ठरवणारा साचा, एकदा लावली आणि पुन्हा कधी मोजमाप केलं नाही. मोजतात ते नवशिके! नळीचं काडतुसाकडचं तोंड मात्र गोळीगणिक झिजत होतं, आणि आट्या गोळीपासून लांब लांब जात होत्या.

शुक्रवारी त्याने वीस काडतुसं भरली. शनिवारी मैदानावर मी दुर्बीण लावून बसलो. पहिलं भोक. दुसरं त्याच्याच पोटात. पाचही झाल्या आणि मी दुर्बीण पुसली.

"किती पसरली रे?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

"डाइम काढ."

नाण्याखाली सगळी झाकली गेली. ऑर्व्हलने नाणं उचलून पुन्हा ठेवून पाहिलं. मग उरलेल्यातल्या एका काडतुसाला लांबी मोजायचा कॅलिपर लावला आणि ओरडला, "हे आखूड आहे! गोळीला आट्यांपर्यंत दीड मिलिमीटर उडी मारावी लागतेय!"

घरी त्याची बायको विल्मा पीचच्या बरण्या पुसत होती.

"माझ्या प्रेसला कोणी हात लावला?"

"मी. गुरुवारी बरण्या ठेवताना कोपर लागलं, तुझा तो वरचा खिळा फिरला. म्हणून मी परत फिरवून घट्ट बसवला. काय, बिघडलं?"

"उलट्या बाजूला फिरवलास, बाई! डाय खाली उतरली, गोळी आत बसली!"

"मग चेहरा का खुललाय?"

मी सांगितलं तिला. आट्यांना टेकलेली गोळी फार नखरेल. अंतर केसभर बदललं तरी रुसते. ऑर्व्हलच्या रायफलीत लांब उडी मारणाऱ्या गोळीला नळी थोडी झिजली काय, नाही झिजली काय, सारखंच. हात बिचारे निर्दोष होते.

"म्हणजे अकरा वर्षांचं डोकं हरलं आणि माझं कोपर जिंकलं," विल्मा म्हणाली.

कॉफी आली. ऑर्व्हलने एका हाताने कप उचलला, आणि तो चक्क हिंदकळला. विल्माने त्याच्या हाताकडे पाहिलं.

"अरे, हसतोय मी!" तो म्हणाला, आणि टेबलक्लॉथवर सांडलेली कॉफी बाहीने पुसली. विल्माने त्या बाहीवरून त्याला जे सुनावलं, ते मी कुणाला सांगणार नाही. निदान सोमवारपर्यंत तरी नाही.