अकरा किलोमीटर अलीकडे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला माहीत आहे — पण त्याला माहीत असणं वेगळं आणि मी तोंडाने सांगणं वेगळं. चार वर्षांत आम्ही दोघांनी त्या रविवारचा विषय एकदाही काढलेला नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून आज बोलते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

सुरुवात लाडूपासून करते. लाडू म्हणजे आमचा कुत्रा — लॅब्रेडॉर, तेव्हा नऊ वर्षांचा, अंगाने गोल आणि स्वभावाने देवमाणूस. गाडीत तासाभरापेक्षा जास्त बसला की ओकायचा, म्हणून साताऱ्याबाहेर आम्ही त्याला कुठे नेत नव्हतो. मग बँकेतल्या एका मैत्रिणीने वाईजवळच्या हॉटेलाचं सांगितलं. आठच खोल्या, समोर धरणाचं पाणी, आणि कुत्र्यांचं खास स्वागत. खास म्हणजे किती? लाडूला वेगळी गादी, दारावर त्याच्या नावाची पाटी, जेवणाचं वेगळं कार्ड — उकडलेलं चिकन, भोपळ्याचा भात. फोटो बघून नवरा म्हणाला, "आपल्याला पण राहू देतात ना?"

अडचण एकच होती. त्या हॉटेलापासून माझं माहेर अकरा किलोमीटरवर.

आण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. फौजेतून आलेला माणूस — दम लागायचा तरी दाढी स्वतःची स्वतः करायचा. आई आणि धाकटा भाऊ आठवडाभर त्यांचं सगळं करायचे, आणि रविवारी माझी पाळी. दर रविवारी. त्यांना आंघोळ घालायची, चादरी धुवायच्या, संध्याकाळी साताऱ्याला परत. मी दमले होते. एवढं तीन शब्दांचं वाक्य — "आई, मी दमलेय" — मला म्हणता आलं नसतं का? पण लेक दमली असं आमच्याकडे म्हणायची पद्धत नाही. लेकीला ट्रेनिंग असतं, ऑडिट असतं. मी सांगितलं, बँकेचं ट्रेनिंग आहे, हैदराबादला, सोमवारपर्यंत. आई म्हणाली, "जा की बाई, आमी हाय इथं." तिने वर लाडूची चौकशी केली.

शनिवार फार सुखात गेला. हेही सांगायलाच हवं. खोलीतून पांडवगड दिसत होता — माहेरच्या पडवीतूनही तोच दिसतो, जरा तिरका — आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले, म्हणजे प्रश्नच मिटला.

रविवारी सकाळी साडेदहाला भावाचा फोन आला. "आक्का, आण्णांस्नी लय धाप लागलीया. डॉक्टर म्हणत्यात, समद्यांना बोलवून घ्या. तू निघ. हैदराबादवरनं किती वेळ लागंल?"

किती वेळ लागेल? वीस मिनिटं. चप्पल घालून खाली उतरायचं आणि गाडीत बसायचं. मी म्हणाले, "विमान मिळालं तर संध्याकाळी पाच-साडेपाचला पोचते."

ते वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, ते मी चार वर्षं आठवते आहे. घाबरून गेलं, असं म्हणावंसं वाटतं. पण मी घाबरले नव्हते हो. मी हिशेब केला होता. आण्णा याआधी दोनदा असेच अत्यवस्थ होऊन परत आले होते. याही वेळी येतील, आणि मग घरभर राहील ते एवढंच — बाप धापा टाकत होता आणि लेक अकरा किलोमीटरवर कुत्र्याला भोपळ्याचा भात चारत होती. माझं नाव जाईल, ह्याची मला भीती वाटली. बाप जाईल ह्याची त्यापेक्षा कमी.

नवरा म्हणाला, "ऊठ. काय बोलायचं ते बोलू दे त्यांना." मी त्याला एकट्यालाच पाठवलं. जावई साताऱ्याहून तासाभरात येऊ शकतो, लेक हैदराबादहून नाही — असं मी त्याला समजावून सांगितलं. तो गाडी घेऊन गेला. मी आणि लाडू खोलीत.

एक वाजता भावाने विचारलं, कुठवर? मी बाथरूमचं दार लावून घेतलं, लाडू भुंकला तर ऐकू जाऊ नये म्हणून, आणि सांगितलं, विमानतळावर बसलेय.

दोन वाजता नवऱ्याचा फोन. तो अंगणात येऊन हळू आवाजात बोलत होता. "तुझं नाव घेताहेत. ये गं. काहीतरी सांगू — ट्रेनिंग आधीच संपलं होतं, तू वाटेतच होतीस — काहीही सांगू." बघा, त्याला सुचलं. इतकं सराईत खोटं बोललेली मी, मला आणखी एक खोटं बोलवलं नाही? मी म्हणाले, "आता कसं शक्य आहे?" आणि फोन ठेवला. मग मी खुर्चीत बसून राहिले. मला पक्कं माहीत होतं की मला कुणीही अडवलेलं नाही.

तीनला दहा कमी असताना भावाने सांगितलं, आण्णा गेले. "तुझ्यासाठी थांबलोय आमी," म्हणाला. "दिवस मावळायच्या आत पोच."

आमच्याकडे लेकीने तोंडात पाणी घातल्याशिवाय बापाला उचलत नाहीत. सगळी भावकी उन्हात थांबली. आणि मी? मी तेव्हाही निघाले नाही. पाचच्या आत पोचले तर संशय येईल म्हणून पावणेपाचपर्यंत त्या खोलीत बसले. हॉटेलवाल्या बाईंना गाडी मागवायला सांगितली, आणि — हे सांगताना मला स्वतःची किळस येते — म्हटलं, पुणे पासिंगची मिळेल का? बाप गेलेला, आणि मी गाडीच्या नंबराचा विचार करत होते. त्यांनी पुण्याचीच आणली. लाडूला त्यांच्याकडेच ठेवलं, आणि निघताना साडीवरचे त्याचे केस मी टेपने काढले.

अंगणात उतरले तर बायका बाजूला झाल्या. आईने मला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं रडली, "कुठनं कुठं पळत आली गं माझी बाय." म्हातारी माणसं माना हलवत होती. मी आण्णांच्या तोंडात पाणी घातलं. ते बाहेर ओघळलं.

इथे संपलं असतं तर मी कदाचित हे गिळून टाकलं असतं. पण महिन्याभराने आई एकटी असताना माझ्याजवळ येऊन बसली.

"मी पाप केलं बघ," ती म्हणाली. "जाणाऱ्या माणसाशी खोटं बोलले. सारखं इचारत हुतं, पोरगी आली का. मग मीच म्हणलं, आवं, वाईत आलीया, आता पोचंलच. तवा कुठं दाराकडं मान केली त्यांनी. तशीच ऱ्हायली. आन् तू तवा त्या विमानतळावर."

नवरा शेजारच्या खोलीत होता. त्याने ऐकलं असणार. तो बाहेर आला नाही.

त्या दिवसापासून आईने चहा सोडला आहे. दिवसातून चार वेळा चहा लागणारी बाई. कुणी विचारलं तर पित्त होतं म्हणते, खरं कारण फक्त मला ठाऊक. मध्येच कधीतरी विचारते, "माफ केलं आसंल का गं त्यांनी मला?" मी म्हणते, केलं असेल. तू खोटं बोलली नव्हतीस, मी वाईतच होते — हे एवढंच म्हणायचं आहे. तिचं ओझं तिथल्या तिथे उतरेल, मला माहीत आहे. पण मग तिला कळेल की ते दाराकडे बघत होते तेव्हा मी कुठे होते.

गेल्या रविवारी तिने पुन्हा विचारलं. आता तिला ऐकूही कमी येतं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "केलं असेल गं, आई."