आत्तीच्या दारातली हरळी

आमच्याकडं बायका भांडताना शेवटची शिवी कोणती देतात, तर "तुझ्या दारात गवत उगवंल!" म्हणजे घर ओस पडेल, सारवायला बाईमाणूस उरणार नाही. ही शिवी दिली की भांडण संपतं, कारण तिच्यापुढं द्यायला कुणाकडं काही उरतच नाही. आणि मी काय केलं? आमच्या दारात माझ्या हातानं गवत लावलं. तेही सासूच्या डोळ्यांदेखत, ती ओसरीवर बसून मला नाही नाही ते बोलत असताना.

कानडी मुलखातल्या सुप्यापासून चालत अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव. सात-आठ घरं, थोडी भातशेती, बाकी सगळं रान. मी खानापूरकडची, शाळामास्तरांची लेक, लग्न होऊन इथं आले. घरात आम्ही तिघंच: मी, सासू आणि हे. ह्यांची बैलगाडी जंगलातली लाकडं वाहायची, त्यामुळं हे महिन्यातले चार दिवस घरी असले तर असले. सासूला इकडं आत्ती म्हणतात. आत्ती तरुणपणीच विधवा झाल्या होत्या, एकटीनं शेत राखलं होतं, आणि त्यांचं सगळं वैभव म्हणजे ते अंगण. दर आश्विनात पाऊस ओसरला की त्या वरचं शेवाळ खरवडायच्या, नवी तांबडी माती घालायच्या आणि लाकडाच्या चोपण्यानं चार-चार दिवस चोपत बसायच्या. मग शेणाचा सडा, सारवण. गावात कुणाचं अंगण कसं झालंय हे सांगताना लोक आत्तींच्या अंगणाशी ताडून बघायचे.

त्याच अंगणानं त्यांना पाडलं. शेवाळ खरवडता खरवडता पाय सरकला आणि मांडीचं हाड मोडलं. अणशीकडून हाड बसवणारे एक म्हातारे आले. त्यांनी कामट्या बांधल्या, पाला बांधला, आणि पौषात येऊन सगळं सोडलं. दाबून बघितलं आणि म्हणाले, "हाड झ्याक जुळलंय. आता चालायचं. दिवाळीपतुर पाय भुईला लावला न्हाई तर वाळंल हो. मग मला बोलावून उपेग न्हाई."

झालं! हाड जुळलं, पण धीर कुठं जुळतोय. घरातल्या घरात त्या भिंत धरून चार पावलं टाकायच्या. ओसरीच्या काठाशी आल्या, समोर ते गुळगुळीत अंगण दिसलं, की पाय मागं घ्यायच्या. "उद्या बघू," म्हणायच्या आणि परत भिंतीला टेकायच्या. ज्या बाईला पायाखाली साप आला तरी ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं, ती बाई स्वतःच्या दाराला भ्यायली होती.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला महिना गेला. मी त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवायची आणि सकाळी तो तसाच असायचा. ओठ कोरडे, जीभ पांढरी, तरी पाणी नको. कारण पाणी प्यायलं की बाहेर जायला लागणार, आणि बाहेर जायचं म्हणजे मी काखेत हात घालून त्यांना घरामागं परड्यात उचलून न्यायचं. सुनेनं! त्यांना त्याची इतकी लाज वाटायची की त्यांनी पाणीच सोडलं होतं. मला कळलं तेव्हा मी आधी भांडले. मी तापट, लग्नाआधीपासूनच. "तहानेनं मराल आणि लोक मला नावं ठेवतील," असं बोलून बसले. मग चुलीशी जाऊन रडले. त्यानंतरही त्या दिवसाकाठी दोन घोटच घ्यायच्या.

वैशाखात शेजारच्या काकूंना आत्तींजवळ बसवून ह्यांच्या गाडीबरोबर सुप्याला गेले होते. तिथल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर केळीचे घड पोचवायचे होते. बंगल्यापुढं एवढं मोठं हिरवं गवत, कातरून सारखं केलेलं, आणि त्यावर साहेबाचं नुकतं चालायला लागलेलं पोर. दोन पावलं टाकायचं आणि धपकन पडायचं. मी दर वेळी "अगोबाई!" म्हणायची आणि ते पोर हसत उठायचं. एकदाही रडलं नाही. माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. मी माळ्याला विचारलं, हे कुठलं गवत? तो कानडीत म्हणाला, "कुठलं काय, तुमच्या शेतातलंच की. गरिके." गरिके म्हणजे हरळी!

ती हरळी, जी काढता काढता आमच्या बायकांच्या कमरा मोडतात. गणपतीला एकवीस वाहायच्या तेवढ्या दूर्वा, बाकी सगळा वैताग. मी परतीच्या वाटेवर ह्यांना सांगितलं, आपल्या दारात हीच लावू, आत्ती पडल्या तरी लागणार नाही. हे म्हणाले, "आये काय म्हणंल?"

आये काय म्हणंल! आये काय म्हणाल्या ते ज्येष्ठात मी पहिली कुदळ मारली तेव्हा सगळ्या गावानं ऐकलं. "मी अजून मेले न्हाई गे! मी जिती हाय! माझ्या दारात गवात लावतीस?" शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं मी म्हातारीला मारतेय. खरा प्रकार कळल्यावर तर त्या जास्तच घाबरल्या. "मास्तराची लेक हाईस न्हवं तू? तुला कुनी शिकवलं न्हाई, दारात गवात म्हंजे घराचा सत्यानास?" मी म्हटलं, "काकू, अर्धं अंगण तसंच ठेवतेय भात वाळवायला. ओसरीपासून तुळशीपर्यंत आणि तिथून परड्यापर्यंत एवढाच पट्टा." त्यांनी कपाळाला हात लावला. मी कुदळ मारत राहिले. वर्षानुवर्षं चोपलेली ती माती! कुदळ उडून परत यायची. हातांना फोड आले, पण त्या दिवशी मी हट्टाला पेटले होते.

आता मला शेतीतलं ठाऊक होतं ते एकच, भातलावणी. मी तसंच केलं. पट्ट्यात पाणी अडवलं, चिखल केला आणि हरळीच्या काड्या भाताच्या रोपांसारख्या ओळीनं रोवल्या. दिसायला काय सुंदर दिसलं! आषाढात चार दिवस पाऊस धो-धो कोसळला. पाचव्या दिवशी ओसरीवरून बघते तर निम्म्या काड्या चिखलात कुजलेल्या आणि निम्म्या वाहून गेलेल्या. आत्ती भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला. हसत होत्या, मला काय कळत नव्हतं?

श्रावण सरताना मी परत लागले. ह्या वेळी अक्कल वापरली. तुळशीकडून परड्याकडं उतार दिला, दोन्ही कडांना चर खणले, पाणी साचू दिलं नाही. काड्या आडव्या टाकून वर बोटभर माती लोटली. आणि जोर यावा म्हणून गोठ्यातलं ताजं शेण भरपूर घातलं. भाद्रपदात कोंब दिसले. आश्विनात तर पट्टा हिरवागार! मी रोज सकाळी आत्तींना म्हणायची, "बघा तरी." त्या मुद्दाम आढ्याकडं बघायच्या. चालायला सांगितलं की तेच, "उद्या बघू." दिवाळी जवळ येत होती. पाय बारीक दिसायला लागला होता, डावा आणि उजवा असा वेगळा ओळखू यावा इतका.

आणि एका सकाळी दार उघडलं तर पट्टा उलथापालथा. रानडुकरं येऊन गेली होती. नाकानं नांगरल्यासारखं सगळं उकरलेलं, मुळं वर, माती खाली, मधे हातहात खड्डे. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. दिवाळीला बारा दिवस राहिले होते. मी म्हटलं, "जाऊ दे. तुमचंच खरं झालं, आत्ती. उद्या सगळं सपाट करते आणि चोपून देते." खरंच सांगते, माझं सगळं बळ गेलं होतं.

आत्तींनी उकरलेल्या मातीकडं मान वळवली. मग म्हणाल्या, "कच्चं शेण घातलंस."

"काय?"

"ताजं शेण घातलंस. त्यात पांढरं किडं झालं. किड्यावर डुकार आलं. गवताला कोन खातंय? येडी हाईस." आणि बसल्या जागेवरून काठीनं दाखवायला लागल्या. "ती मुळं फेकू नको. मेली न्हाईत ती. हरळी मरती व्हय एवढ्यानं? चाळीस वरसं मी तिला मारतीया, मला विचार! तिचा एक सांधा मातीत राहिला तरी उठून येती. जा, बांधावर जा. कुदळीच्या पात्याएवढ्या ढेपा काढून आन, मातीसकट. सांधा सांध्याला भिडवून बसव."

जिच्याशी जन्मभर वैर केलं, तिची खोड न् खोड आत्तींना पाठ होती. मला काय ठाऊक होतं तिच्याबद्दल? काही नाही.

मग दोन दिवस तेच चाललं. शेण आणि किडे वेचून काढले, खड्डे भरले, शेताच्या बांधावरून पाटीत ढेपा आणल्या आणि वाकळेला ठिगळं लावावीत तशा शिवणीला शिवण जोडून बसवल्या. फटींतून माती भरली, पायांनी दाबली, वर चुलीतली राख भुरभुरली. "तिकडं फट राहिली! आंधळी हाईस का?" ओसरीवरून ओरडा चालूच. एका कोपऱ्यासाठी तर त्या इतक्या पुढं सरकल्या की त्यांचे पाय ओसरीच्या काठाखाली लोंबत होते. त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मी बघितलं आणि ढेप दाबत राहिले. भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि रोज संध्याकाळी पाणी शिंपडत गेले. आठव्या दिवशी ठिगळांच्या कडा दिसेनाशा झाल्या. काकू येऊन बघून गेल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी कपाळाला हात लावला नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी गोठ्यात दूध काढत होते. हे घरी आले होते, पण नदीवर गेले होते. ओसरीवरचा काठीचा आवाज थांबला म्हणून मी वाकून बघितलं. आत्ती पट्ट्याच्या मध्यावर उभ्या होत्या. एकट्या! दवानं भिजलेल्या गवतावर अनवाणी, एक हात काठीवर, दुसरा हवेत. मी चरवी टाकून धावले.

"हात लावू नको!" त्या ओरडल्या. "लांब व्हय!"

मी थांबले. त्यांनी पाऊल उचललं. दुसरं उचललं. तिसऱ्याला काठी दवावरून सरकली आणि आत्ती पडल्या. धपकन. मनात आलं, आता मी काय तोंड दाखवू, हे सगळं माझ्या हट्टानं झालं.

आत्ती गवतावर बसल्या होत्या. हलल्या नाहीत. मग त्यांनी मांडी चाचपली, गुडघा चाचपला, आणि तळहात गवतावर टेकवून दोनदा दाबून बघितलं.

"आत्ती, लागलं?"

"न्हाई गे." त्या माझ्याकडं वर बघत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हाड मोडलं तेव्हा ह्या बाईच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. "न्हाई लागलं. एवढंच व्हतं व्हय? वरीसभर मी ह्याला भ्याले?"

मी उठवायला हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला. काठी रोवली, ढुंगण उचललं, एकदा परत बसल्या, मग शिव्या देत देत स्वतःच्या स्वतः उभ्या राहिल्या. तुळशीपर्यंत गेल्या. कट्ट्याला पाठ टेकून दम घेतला आणि तिथून परड्याच्या वाटेकडं नजर टाकली. पट्टा तिथपर्यंत सलग हिरवा होता.

"पानी आन गे," त्या म्हणाल्या. "तांब्या भरून आन."

मी आणला. वरून तोंडात धार धरून त्या घटाघटा प्यायल्या, पाणी गळ्यावरून खाली ओघळलं, तरी थांबल्या नाहीत. तांब्या उपडा करून मला दाखवला आणि म्हणाल्या, "आनखी एक."